वंश वेगळा, सिलसिला वेगळा: मराठी मुसलमानांचे पूर्वज कोण?

मार्च २०२५ मध्ये औरंगजेबाच्या कबरीवरून राज्यात वातावरण तापलं, नागपुरात दंगल झाली आणि ती कबर जिथे आहे ते खुलताबाद हे डोंगरावरचं छोटं गाव कित्येक दिवस टीव्हीवर दिसत राहिलं. त्याआधी २०२३ साली कोल्हापुरात तणाव झाला तेव्हा 'औरंगजेबाची औलाद' हा शब्दप्रयोग घरोघर पोचला. त्यामागे एक पक्का समज आहे. इथला मुसलमान बादशाही फौजेबरोबर बाहेरून आला आणि त्याचे बापजादे कुठेतरी इराण-तुराणात आहेत, असा तो समज.

हाच समज कित्येक मुसलमान घरांतही अभिमानानं जपला जातो. 'आमचे मूळ पुरुष अरबस्तानातले' असं म्हातारी माणसं सांगतात आणि पुरावा म्हणून ट्रंकेतला जुना कागद काढून दाखवतात. मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका मुलाणी घरातला. असा कागद आमच्याकडेही आहे. तो खोटा नाही, पण आपण समजतो त्या गोष्टीचा तो पुरावा नाही.

बाहेरच्यांचा आणि घरातल्यांचा घोटाळा एकाच जागी होतो. रक्ताची वंशावळ आणि गुरुशिष्यांची साखळी या दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र कालवल्या जातात. त्या सुट्या केल्या की बराच इतिहास आपोआप उलगडतो.

## सिलसिला म्हणजे काय

सूफी म्हणजे इस्लाममधले साधनेच्या वाटेनं जाणारे लोक. त्यांच्यात गुरूला पीर म्हणतात. पीराच्या हातात हात देऊन शिष्यत्व घेतलं की तुम्ही त्याच्या साखळीची कडी होता. या साखळीला सिलसिला म्हणतात आणि तिच्यातल्या नावांच्या लेखी यादीला शजरा. चिश्ती, कादरी, सुहरावर्दी, नक्शबंदी हे भारतातले मोठे सिलसिले.

गोंधळ इथूनच सुरू होतो, कारण घराण्याच्या वंशवृक्षालाही शजराच म्हणतात. दोन्ही याद्या वरून सारख्याच दिसतात. दोन्ही बहुधा पैगंबरांच्या नावापासून सुरू होतात आणि खाली उतरत येतात.

हे समजायला किराणा घराणं बघा. उस्ताद अब्दुल करीम खाँ उत्तर प्रदेशातल्या कैराना गावचे. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, आणि सवाई गंधर्वांचे शिष्य पंडित भीमसेन जोशी. या तिघांत रक्ताचं नातं काडीचंही नाही, तरी घराणं एक आहे, आणि भीमसेनजी किराण्याचे म्हटल्यावर कोणी त्यांना कैराना गावचं समजत नाही. सिलसिला नेमका असाच चालतो.

आमच्या घरातला कागद म्हणजे हाताच्या पंजाएवढी उर्दू पुस्तिका. माझ्या दादीनं एका पीरसाहेबांचं शिष्यत्व घेतलं तेव्हा तिला ती मिळाली. त्यात नावं पद्यात गुंफलेली आहेत. दर दोन ओळींत एका बुजुर्गाचं नाव येतं आणि त्याच्या वास्त्यानं दुआ मागितली जाते. दादीला ते तोंडपाठ होतं, गुरुवारी फातेहाच्या वेळी ती म्हणायची. तिच्या पश्चात घरात कोणाला उर्दू वाचता येईना, आणि हळूहळू ती नावं 'आपल्या पूर्वजांची नावं' झाली. इतर घरांतही हे असंच घडत आलं असावं.

## बाईस ख्वाजा

आता खुलताबादला जाऊ. टीव्हीवर दिसली ती कबर ज्या आवारात आहे तो दर्गा जैनुद्दीन शिराजी यांचा. लोक त्यांना 'बाईस ख्वाजा' म्हणतात, म्हणजे चिश्ती साखळीतली बाविसावी कडी. मोजणी पैगंबरांपासून सुरू होते. अजमेरचे मुईनुद्दीन चिश्ती सतरावे, दिल्लीचे कुतबुद्दीन बख्तियार काकी अठरावे, बाबा फरीद एकोणिसावे, निजामुद्दीन औलिया विसावे, बुऱ्हाणुद्दीन गरीब एकविसावे आणि जैनुद्दीन बाविसावे.

या सहा जणांची गावं पाहिली की साखळीचा स्वभाव कळतो. मुईनुद्दीन सिस्तानकडचे, काकी मध्य आशियातल्या ऊशचे, बाबा फरीद मुलतानच्या बाजूचे, निजामुद्दीन बदायूंचे, बुऱ्हाणुद्दीन हरियाणातल्या हांसीचे आणि जैनुद्दीन शिराजचे. यांतला कोणीही पुढच्याचा बाप नाही. निजामुद्दीन यांनी लग्नच केलं नाही. बुऱ्हाणुद्दीन आणि जैनुद्दीन यांनाही मूलबाळ नव्हतं, त्यामुळे खुलताबादच्या या दर्ग्यांची व्यवस्था सेवेकऱ्यांच्या घराण्यांकडे गेली.

बुऱ्हाणुद्दीन दख्खनेत आले ते मुहम्मद तुघलकानं १३२७ मध्ये देवगिरीला राजधानी हलवली त्या धामधुमीत. दिल्लीचे विद्वान, कवी, कारागीर घाट उतरून इकडे आले. निजामुद्दीन यांची संभाषणं टिपून ठेवणारा कवी अमीर हसन सिज्जी त्यांच्यातलाच, त्याची कबरही खुलताबादलाच आहे. १३३७ मध्ये बुऱ्हाणुद्दीन गेले आणि १३६९ मध्ये जैनुद्दीन. या गुरुशिष्यांचं वजन इतकं होतं की खानदेशच्या फारुकी सुलतानांनी तापीकाठी शहर वसवलं तेव्हा त्याला गुरूच्या नावावरून बुऱ्हाणपूर म्हटलं आणि पलीकडच्या तीरावरच्या वस्तीला शिष्याच्या नावावरून जैनाबाद.

औरंगजेब १७०७ मध्ये अहमदनगरला वारला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे जैनुद्दीन यांच्या पायथ्याशी पुरला गेला. म्हणजे ख्वाजांनंतर ३३८ वर्षांनी. तोवर हे ठिकाण भाविकांचं झालेलं होतं. १६२६ मध्ये वारलेला मलिक अंबर तिथेच आहे आणि पुढे १७४८ मध्ये हैदराबादचा पहिला निजामही तिथेच विसावला. ज्या जागेला आज एका बादशहाच्या नावानं ओळखतात तिथे तो बादशहा उशिरा आलेल्या भाविकांपैकी एक आहे. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. खुलताबादवर तावातावानं बोलणाऱ्या प्रत्येकानं आधी बाईस ख्वाजांचं नाव तरी ऐकलेलं असावं.

## मग रक्ताचे पूर्वज कुठले?

बाहेरून कोणी आलंच नाही असं म्हणणंही चुकीचं. आले, पण निरनिराळ्या वाटांनी आले, आणि सगळ्यात जुनी वाट समुद्राची होती.

इ.स. ९१६ च्या सुमारास अल-मसूदी हा बगदादचा प्रवासी आपल्या रायगड जिल्ह्यातल्या चौल बंदरात आला. तिथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात असं त्यानं लिहून ठेवलंय. काही सिराफचे, काही ओमानचे, काही बसरा-बगदादचे, आणि काही इथेच जन्मलेले. राज्य राष्ट्रकूटांचं होतं. दिल्लीत सुलतान बसायला अजून जवळपास तीनशे वर्षं होती, म्हणजे या माणसांच्या पाठीशी कुठली फौज असण्याचा प्रश्नच नव्हता.

त्याच काळातला एक ताम्रपट पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडला. शके ८४८, म्हणजे इ.स. ९२६ चा. राष्ट्रकूट राजानं संजाण भागाचा कारभार ज्याच्या हाती दिला तो अधिकारी त्यात 'ताजिक' म्हणजे अरब मुळाचा आहे, आणि त्याचं नाव संस्कृतात 'मधुमती' असं लिहिलंय. मुहम्मदचं ते संस्कृत रूप. आणि ताम्रपट आहे कशाबद्दल? भगवतीच्या मठिकेला, म्हणजे छोट्या मठाला, दिलेल्या दानाबद्दल. मुसलमान अधिकारी, राष्ट्रकूट राजा आणि देवीचं दान एकाच पत्र्यावर कोरलेलं आहे. शाळेत असताना हे कोणी दाखवलं असतं तर किती बरं झालं असतं.

कोकणी मुसलमानांतल्या काही घरांत या दर्यावर्दी अरबांचा अंश आहे. माहीमचे मखदूम फकीह अली (१३७२ ते १४३१) अशाच नवायत, म्हणजे किनाऱ्यावर स्थायिक झालेल्या अरब मुळाच्या घराण्यातले. कुराणावर अरबीत भाष्य लिहिणारा हा विद्वान आजच्या मुंबईचा रहिवासी होता, आणि त्यांच्या उरुसात पहिला संदल, म्हणजे कबरीला चंदन वाहण्याचा मान, मुंबई पोलिसांचा असतो.

दुसरी वाट आफ्रिकेची. मलिक अंबर इथिओपियातून गुलाम म्हणून विकला जात जात अहमदनगरपर्यंत आला आणि निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. तिसरी वाट इराणी, तुर्की, अफगाण शिपायांची, मुत्सद्द्यांची, व्यापाऱ्यांची.

या सगळ्यांची बेरीज केली तरी ती मूठभरच. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ३० लाख मुसलमान होते, लोकसंख्येच्या साडेअकरा टक्के. यातले बहुसंख्य याच मातीतले. जनुकांवर झालेल्या अभ्यासांतूनही हेच दिसलं. भारतातले मुसलमान त्यांच्या प्रांतातल्या शेजाऱ्यांशी जास्त जुळतात आणि पश्चिम आशियाचा अंश काही समूहांत आढळतो, तोही थोडा.

## 'पण सय्यद, शेख, पठाण ही नावं बाहेरचीच ना?'

नावं बाहेरची, माणसं बहुधा इथली. सय्यद म्हणजे पैगंबरांच्या मुलीचे वंशज आणि शेख म्हणजे अरब वंशाचे, असा मूळ अर्थ. प्रत्यक्षात नव्यानं मुसलमान झालेल्याला 'शेख' सहज लागायचं. पठाण फौजेत चाकरी केलेला, पठाण सरदाराच्या आश्रयानं राहिलेलाही पुढे पठाण म्हणवू लागला. उत्तरेत तर एक जुनी म्हणच आहे, 'पहिल्या वर्षी आम्ही विणकर, दुसऱ्या वर्षी शेख, आणि यंदा धान्याला भाव चांगला आला तर सय्यद!' प्रतिष्ठेसाठी वंश वर चढवणं हे सगळ्याच समाजांत घडलंय. आपल्याकडे किती घराण्यांनी आपली मुळं थेट रजपुतान्यात नेऊन बांधली ते आठवावं.

उलट जी आडनावं कोणी मुद्दाम घेतली नाहीत ती जास्त खरं बोलतात. मुलाणी, अत्तार, तांबोळी, बागवान, पिंजारी, मन्यार, मोमीन, शिकलगार ही धंद्यांची नावं आहेत. मुजावर आणि पीरजादे दर्ग्याशी बांधलेले. देशमुख, पाटील, इनामदार ही वतनाची नावं मुसलमानांतही आहेत. आणि कोकणात सावंत, दळवी, चौगुले मुसलमान भेटतात.

देशावरच्या गावगाड्यात मुलाणी होता. मशिदीत दिवाबत्ती करायची आणि गावचं बकरं कापायचं हे त्याचं काम. मराठ्यांच्या घरच्या जत्रेचं बकरंसुद्धा मुलाण्यानं कापल्याशिवाय चालत नसे. खळ्यावर त्याचा वाटा ठरलेला असे. अशा माणसाचा पूर्वज शोधायला बगदादला जायचं कारण नाही, गावच्या बलुत्याच्या यादीत तो सापडतो.

## 'धर्मांतर तलवारीनं झालं की सूफींमुळे?'

हा प्रश्न प्रत्येक चर्चेत येतो आणि दोन्ही टोकांची उत्तरं अपुरी आहेत.

सक्तीची उदाहरणं आहेत आणि ती नाकारू नयेत. नेतोजी पालकरांना औरंगजेबाच्या कैदेत १६६७ मध्ये मुसलमान व्हावं लागलं. ते परत आले तेव्हा १६७६ मध्ये शिवाजी महाराजांनी त्यांना स्वधर्मात घेतलं. औरंगजेबानं १६७९ मध्ये जिझिया पुन्हा लादला, देवळंही पाडली. हे नोंदलेलं आहे. पण लाखो शेतकरी-कारागिरांचा धर्म कसा बदलला याचं उत्तर एवढ्यावरून मिळत नाही. दिल्ली-आग्र्याचा भाग कित्येक शतकं थेट सुलतान-बादशहांच्या मुठीत होता, तरी तिथे हिंदूच बहुसंख्य राहिले. मुसलमान बहुसंख्य झाले ते राजधानीपासून दूरच्या पूर्व बंगालात आणि पश्चिम पंजाबात.

'सूफींनी गावंच्या गावं मुसलमान केली' ही गोष्टही जपून घ्यावी. खुलताबादची लोककथा चौदाशे अवलियांच्या आगमनाचं वर्णन करते. पण बुऱ्हाणुद्दीन यांच्या शिष्यांनी त्यांची जी संभाषणं फारसीत टिपून ठेवली त्यांत भर आहे तो भुकेवर, दानावर, मनावर ताबा ठेवण्यावर, आणि समा म्हणजे भक्तीनं ऐकण्याच्या गाण्यावर. धर्मांतराची मोहीम तिथे दिसत नाही. पराक्रमाच्या गोष्टी पुढच्या पिढ्यांनी रचल्या.

झालं ते फार हळू झालं. याचा एक सुरेख पुरावा पंजाबातून मिळतो, आणि तोही वंशावळीतूनच. बाबा फरीद यांच्या पाकपट्टणच्या दर्ग्याशी जोडलेल्या सियाल कुळाच्या पिढ्यांची नावं अभ्यासकांनी तपासली. सुरुवातीला बहुतेक नावं पंजाबी, मध्येच एखादं मुसलमानी, मग दोन्ही मिसळलेली, आणि सगळीच मुसलमानी व्हायला सुमारे चारशे वर्षं गेली. अमुक दिवशी हे कुळ मुसलमान झालं असा दिवसच काढता येत नाही. आधी नवस, मग उरुसाला जाणं, मग मुलाला पीराचं नाव, पुढे निकाह, आणि पुढे कधीतरी दफन. कित्येक कुटुंबं या वाटेवर मध्येच थांबली आणि हिंदू राहूनही पीराला मानत आली.

महाराष्ट्रात याची उदाहरणं पावलोपावली आहेत. खुलताबादपासून हाकेच्या अंतरावर वेरूळ, भोसल्यांच्या पाटिलकीचं गाव. मालोजीराजांना मूल होईना तेव्हा अहमदनगरच्या शाह शरीफ पीराला नवस केला आणि दोन मुलगे झाले त्यांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, अशी परंपरा आहे. भोसले काही मुसलमान झाले नाहीत. पण पीराचं नाव घरात आलं आणि ते कोणाला खटकलं नाही.

श्रीगोंद्याचे शेख महंमद याहून पुढची गोष्ट सांगतात. सतराव्या शतकातले हे संतकवी. मुसलमान घरातले, सूफी गुरूचे शिष्य, आणि 'योगसंग्राम' हा ग्रंथ लिहिला तो मराठी ओव्यांत. त्यांचे गुरू चांद बोधले. परंपरा अशी की याच चांद बोधल्यांकडून देवगिरीच्या जनार्दनस्वामींना अनुग्रह मिळाला, आणि जनार्दनस्वामींचे शिष्य संत एकनाथ. या नात्याच्या तपशिलावर अभ्यासकांत मतभेद आहेत, पण परंपरेनं हे सांगताना संकोच केला नाही, ही गोष्ट मला मोलाची वाटते. एकाच गुरूखाली एक फांदी श्रीगोंद्याला गेली आणि एक पैठणला.

## घराण्याचा खरा कागद कुठे शोधायचा

ज्यांना आपली मुळं खरोखर शोधायची आहेत त्यांनी घरातला शजरा उर्दू-फारसी जाणणाऱ्याकडून एकदा वाचून घ्यावा. ओळखायची सोपी खूण सांगतो. एका नावापासून पुढच्या नावापर्यंत गावं सारखी बदलत असतील, हसन बसरी, इब्राहिम अदहम, मुईनुद्दीन अशी प्रसिद्ध नावं येत असतील, तर तो सिलसिला आहे. 'बिन' म्हणजे 'चा मुलगा' हा शब्द नावांमध्ये सलग येत असेल, तर ती वंशावळ असू शकते. तीही बाहेरच्या कागदाशी ताडून पाहावी.

तो बाहेरचा कागद बहुधा मोडीत असतो. तहसील कचेरीत गावाची जुनी जन्ममृत्यूची नोंदवही असते, तिला लोक कोतवाल बुक म्हणतात. शाळेचं जनरल रजिस्टर, जमिनीचे जुने फेरफार, इनामपत्रकं यांतही नावं सापडतात. पुण्याच्या पेशवे दफ्तरात पीर-दर्ग्यांना चालू ठेवलेल्या इनामांच्या नोंदी आहेत. १८५२ च्या कायद्यानंतर इंग्रजांच्या इनाम कमिशननं सगळ्यांच्या सनदा तपासायला घेतल्या, तेव्हा दर्ग्याच्या इनामदारांनाही आपला हक्क आणि वारसा कागदावर मांडावा लागला.

हे काम केवळ हौसेचं नाही. पिंजारी, मोमीन अशा ओबीसी कुटुंबांना जात पडताळणीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे पुरावे मागतात. कित्येकांच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात फक्त 'मुसलमान' लिहिलेलं असतं. मग आजोबा-पणजोबांच्या नोंदी धुंडाळाव्या लागतात आणि कोतवाल बुकातली मोडीतली एक ओळ नातवाचा कॉलेजप्रवेश वाचवते. ज्या घरात अरबस्तानातल्या पूर्वजांचा अभिमान सांगत आले, त्याच घराला कापूस पिंजणाऱ्या पणजोबाचा कागद उपयोगी पडतो.

आमचा असा कागद आहे तो मोडीतलाच. त्यात बलुत्याच्या यादीत खापरपणजोबांचं नाव आहे, बापाचं नाव आहे, आणि पुढे 'मुलाणी' एवढंच. त्यांचा सिलसिला तिथे नाही आणि तो असायचं कारणही नाही.

एक गोष्ट मात्र दोन्ही कागदांत सापडत नाही, ती म्हणजे बायकांची नावं. निजामुद्दीन औलियांचे वडील ते लहान असतानाच वारले. आई बीबी झुलेखानं त्यांना वाढवलं. घरात शिजवायला काही नसलं की ती म्हणे, 'आज आपण अल्लाचे पाहुणे.' तिची कबर दिल्लीत अधचिनीला आहे आणि लोक तिथे जातात, पण बावीस नावांच्या साखळीत तिला जागा नाही. वंशावळ काढायला बसाल तेव्हा आधी घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा. माहेर कुठलं, आईचं माहेर कुठलं, तिच्या आईचं कुठलं, कुठल्या उरुसाला गाडी जुंपून जायचात, कुठल्या पीराचा नवस होता. आमच्या दादीच्या आईचं नाव आज घरात कोणालाच सांगता येत नाही. दादीच्या माहेरच्या गावी दादीचा एक चुलतभाऊ अजून हयात आहे. ऊसतोडणी आटोपली की त्याच्याकडे जायचं ठरलंय.